इटालियन नामांचे लिंग आणि वचन पुन्हा पुन्हा का चुकते : कारणे आणि उपाय

इटालियन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांत काही चुका पहिल्या महिन्यात दिसतात आणि दुसऱ्या वर्षीही तशाच असतात : 'ला प्रोब्लेमा' (समस्या; हवे 'इल प्रोब्लेमा'), 'इल मानो' (हात; हवे 'ला मानो'), 'दुए फ्योरे' (दोन फुले; हवे 'दुए फ्योरी'), 'ला माक्किना रोस्सो' (लाल गाडी; हवे 'ला माक्किना रोस्सा'). तोवर क्रियापदांची रूपे बऱ्यापैकी बसलेली असतात, शब्दसंग्रह वाढलेला असतो, साधे संभाषण जमू लागलेले असते. नामाचे लिंग आणि वचन मात्र दुरुस्त करूनही पुन्हा निसटते. यावर 'पाठांतर वाढवा' असा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण वरच्या चार चुका एकाच जातीच्या नाहीत. पहिल्या दोन चुकांत विद्यार्थ्याने शब्दाच्या शेवटच्या स्वरावर विश्वास ठेवलेला आहे, तिसरी मराठीतील अनेकवचनाच्या सवयीतून आलेली आहे आणि चौथीचे मूळ मराठीतील अविकारी विशेषणांत आहे. मूळ न ओळखता नुसते पाठांतर केले, तर पाठ केलेला शब्द तेवढा सुधारतो आणि त्याच मुळातून दुसरी चूक उगवते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे इटालियनची बहुतेक पुस्तके इंग्रजीतून शिकवणारी असतात, आणि नामाचे लिंग विशेषणापर्यंत व क्रियापदापर्यंत कसे पोहोचते हे समजावण्यात ती पानेच्या पाने खर्च करतात, कारण इंग्रजी वाचकाला ही कल्पनाच नवी असते. मराठी वाचकाला ती जन्मापासून अवगत आहे. 'माझा भाऊ गेला, माझी बहीण गेली' असे बोलणाऱ्याने लिंगवचनाची यंत्रणा इंग्रजीच्या वाटेने शिकणे म्हणजे हातचे सोडून देणे होय. यंत्रणा मराठीतूनच समजून घ्यावी. कोणत्या नामाचे लिंग कोणते, एवढेच मराठीतून घेऊ नये. 'पुस्तक', 'घर', 'झाड', 'दूध' ही मराठीत नपुंसकलिंगी नामे आहेत आणि इटालियनमध्ये नपुंसकलिंगच उरलेले नाही. तेथे 'लिब्रो' (पुस्तक), 'आल्बेरो' (झाड) आणि 'लात्ते' (दूध) पुल्लिंगी आहेत, 'कासा' (घर) स्त्रीलिंगी आहे. 'हात' पुल्लिंगी, पण 'मानो' स्त्रीलिंगी. 'चंद्र' पुल्लिंगी, पण 'लूना' स्त्रीलिंगी. येथे तर्काने काहीही सापडत नाही.

पहिली तपासणी : शब्द वहीत कसा लिहिला आहे?

चूक वारंवार होत असेल तर प्रथम स्वतःची शब्दांची वही उघडून पाहावी. तेथे 'क्यावे – किल्ली', 'पोन्ते – पूल', 'नोत्ते – रात्र' अशी उघडी नामे लिहिलेली असतील, तर निम्म्या चुकांचे कारण तेथेच सापडले असे समजावे. एकारान्त नामांचे लिंग शब्दाकडे पाहून कळत नाही : 'क्यावे' आणि 'नोत्ते' स्त्रीलिंगी आहेत, 'पोन्ते' पुल्लिंगी आहे, 'कार्ने' म्हणजे मांस हे स्त्रीलिंगी, तर 'पेशे' म्हणजे मासा हा पुल्लिंगी. ते सांगते फक्त नामाआधी येणारे उपपद, म्हणजे आर्टिकल. म्हणून 'ला क्यावे', 'इल पोन्ते', 'ला नोत्ते' असा उपपदासह शब्द हाच शिकण्याचा एकक धरावा, आणि उपपदाविना शब्द वहीत लिहूच नये.

निश्चित उपपदाची रूपे सात आहेत. पुल्लिंगी एकवचनात सामान्यतः 'इल' येते. मात्र 'स' आणि त्याला जोडलेले व्यंजन, 'त्स', 'न्य', 'प्स' अशा सुरुवातींपुढे 'लो' येते, जसे 'लो स्तुदेन्ते', 'लो त्सुक्केरो', 'लो प्सिकोलोगो'. त्यांची अनेकवचने अनुक्रमे 'ई' आणि 'ल्यी' : 'ई लिब्री', पण 'ल्यी स्तुदेन्ती', आणि खवय्यांना परिचित असलेले 'ल्यी न्योक्की'. स्त्रीलिंगी एकवचनात 'ला', अनेकवचनात 'ले'. सातवे रूप मात्र अडचणीचे आहे. नामाची सुरुवात स्वराने होत असेल तर 'लो' आणि 'ला' या दोहोंचा अन्त्य स्वर गळतो आणि दोन्ही लिंगांना एकच 'ल' उरतो : 'ल'आमीको' पुल्लिंगी, 'ल'आमीका' स्त्रीलिंगी, आणि 'ल'एसामे' (परीक्षा) व 'ल'आर्ते' (कला) यांपैकी पुल्लिंगी कोणते हे तर मुळीच दिसत नाही. उपपदासह पाठ करूनही ज्यांचे लिंग चुकते ते शब्द बहुधा याच गटातले असतात. अनिश्चित उपपदही कानाला मदत करत नाही, कारण 'उन' दोन्हीकडे सारखेच ऐकू येते. फक्त लेखनात स्त्रीलिंगी नामापूर्वी अक्षर गळल्याची खूण येते आणि पुल्लिंगी नामापूर्वी येत नाही.

यावर उपाय असा की, स्वराने सुरू होणाऱ्या नामापुढे 'नुओवो – नुओवा' (नवा – नवी) हे विशेषण जोडूनच वहीत नोंद करावी : 'ल'एसामे नुओवो', 'ल'आर्ते नुओवा'. विशेषण लिंग लपवू शकत नाही.

कानाची उलटापालट

ज्या कारणाविषयी इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके काहीच सांगू शकत नाहीत ते हे, आणि मराठी भाषकांच्या बाबतीत तेच सर्वांत खोल आहे असे माझे मत आहे. मराठी कानाला 'आ'ने संपणारे नाम किंवा विशेषण पुल्लिंगी वाटते : घोडा, आंबा, दरवाजा, नवा, मोठा. त्याचे अनेकवचन 'ए'ने होते : घोडे, आंबे, दरवाजे. 'ई'ने संपणारे रूप स्त्रीलिंगी वाटते : मुलगी, टोपी, नवी, मोठी. पाणी, हत्ती, पक्षी असे अपवाद आहेत, पण सवय घडते ती बहुसंख्येवर. इटालियनमध्ये नेमके उलटे आहे. तेथे 'आ' हा प्रामुख्याने स्त्रीलिंगी एकवचनाचा स्वर आहे आणि 'ए' त्याच्या अनेकवचनाचा : 'पोर्ता – पोर्ते', 'रागात्सा – रागात्से'. 'ई' हा पुल्लिंगी अनेकवचनाचा स्वर आहे : 'लिब्रो – लिब्री', 'रागात्सो – रागात्सी'. परिणामी 'पोर्ते' ऐकताच मराठी कानाला 'दरवाजे' हे पुल्लिंगी रूप जाणवते आणि तोंडून 'ई पोर्ते' निघते; 'रागात्सी' म्हणजे मुलगे, पण ते 'मुलगी'सारखे वाजते आणि विद्यार्थी 'ला रागात्सी' लिहून मोकळा होतो. नियम विचारला तर तो अचूक सांगेल, चूक घडते ती नियम आठवण्यापूर्वी.

ही सवय मोडण्यासाठी शाळेतील संस्कृत उपयोगी पडते. संस्कृतात 'लता', 'माला', 'शाला' ही आकारान्त नामे स्त्रीलिंगी आहेत, आणि विशेषणांत 'नवः' पुल्लिंगी, 'नवा' स्त्रीलिंगी आहे. लॅटिनमध्ये त्याच कुळातील 'नोवुस' आणि 'नोवा' ही रूपे होती, आणि त्यांपासूनच इटालियन 'नुओवो' आणि 'नुओवा' आले. म्हणजे मराठीतील 'नवा' पुल्लिंगी, पण संस्कृतातील 'नवा' आणि इटालियनमधील 'नुओवा' स्त्रीलिंगी. इटालियन वाचताना घोड्या-आंब्याचा साचा बाजूला ठेवून लता-मालेचा साचा डोळ्यांपुढे धरला, तर 'आ' ऐकून होणारा गोंधळ लवकर निवळतो. कोकणी किंवा मालवणी बोलणाऱ्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. 'घोडो' म्हणणाऱ्या कानाला ओकारान्त नाम पुल्लिंगी असणे सहज पटते, त्यामुळे त्यांचे एकवचन कमी चुकते. मात्र 'घोडो'चे अनेकवचन 'घोडे' होत असल्याने 'लिब्रो'चे 'लिब्रे' करण्याचा धोका त्यांनाही असतोच.

सराव मोठ्याने करावा आणि चारही रूपांचा एकत्र करावा : 'इल रागात्सो नुओवो, ई रागात्सी नुओवी, ला रागात्सा नुओवा, ले रागात्से नुओवे'. डोळ्यांनी वाचून ही सवय बदलत नाही, कारण ती कानाची आहे.

शेवटचा स्वर फसवतो तेव्हा

'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा', 'तेमा', 'क्लीमा', 'प्रोग्राम्मा', 'दिप्लोमा' ही नामे आकारान्त असूनही पुल्लिंगी आहेत आणि त्यांचे अनेकवचन 'ई'ने होते : 'इल प्रोब्लेमा, ई प्रोब्लेमी'. हे शब्द ग्रीकमधून आलेले आहेत. तेथे 'मा'ने संपणारा हा वर्ग नपुंसकलिंगी होता, आणि नपुंसकलिंग लोपल्यावर तो पुल्लिंगात गेला. तरीही 'मा'ने संपणारे प्रत्येक नाम पुल्लिंगी समजू नये : 'फोर्मा', 'फिर्मा' (सही), 'फ्याम्मा' (ज्योत), 'लाक्रिमा' (अश्रू) ही सर्व स्त्रीलिंगी आहेत. एक ढोबळ खूण अशी की, शास्त्र, शिक्षण किंवा कारभार यांच्या परिभाषेतील आणि इंग्रजीतही जवळपास तसाच आढळणारा शब्द बहुधा ग्रीक असतो. 'फोर्मा' मात्र लॅटिन आहे, त्यामुळे खूण शंभर टक्के चालत नाही.

'मानो' स्त्रीलिंगी आहे, कारण लॅटिनमधील 'मानुस' स्त्रीलिंगीच होते. अनेकवचन 'ले मानी'. 'फोतो', 'मोतो', 'आउतो' ही 'फोतोग्राफीया', 'मोतोचिक्लेत्ता', 'आउतोमोबिले' या स्त्रीलिंगी नामांची तोडलेली रूपे असल्याने स्त्रीलिंगी आहेत आणि अनेकवचनात बदलत नाहीत : 'ला फोतो, ले फोतो'. त्याच न्यायाने 'चीनेमा' पुल्लिंगी आहे, कारण तो 'चिनेमातोग्राफो'चा तुकडा आहे. मोटारीच्या लिंगाविषयी खुद्द इटालियनांतही एकेकाळी एकमत नव्हते. 1909 च्या फ्युचरिस्ट (भविष्यवादी) जाहीरनाम्यात त्या चळवळीचे प्रवर्तक कवी मारिनेत्ती यांनी 'आउतोमोबिले' पुल्लिंगात वापरले, तर 1920 मध्ये कवी गाब्रिएले दान्नुन्त्सिओ यांनी फियाटचे जोव्हान्नी आन्येल्ली यांना लिहिलेल्या पत्रात ते स्त्रीलिंगी असल्याचा निर्वाळा दिला. पुढे स्त्रीलिंगच रूढ झाले.

एकारान्त नामांपैकी काहींचे लिंग प्रत्ययावरून कळते, आणि तेवढे लक्षात ठेवले तरी पाठांतराचे ओझे बरेच उतरते. 'त्सिओने' आणि 'सिओने'ने संपणारी भाववाचक व तत्सम नामे स्त्रीलिंगी ('ला स्तात्सिओने', 'ला लेत्सिओने'), 'ओरे'ने संपणारी जवळजवळ सर्व पुल्लिंगी ('इल फ्योरे', 'इल कोलोरे'), आणि आघातयुक्त 'ता' किंवा 'तू'ने संपणारी स्त्रीलिंगी व अनेकवचनात अविकारी ('ला चित्ता, ले चित्ता'). 'क्रीसी', 'तेसी', 'आनालिसी' याही स्त्रीलिंगी आणि अविकारी. व्यंजनान्त परकी नामे सहसा पुल्लिंगी आणि अविकारी असतात. 'ई फिल्म' म्हणावे, इंग्रजीच्या सवयीने शेवटी 'स' जोडू नये.

काही नामांत लिंग बदलले की अर्थ बदलतो, त्यामुळे तेथील चूक ऐकणाऱ्याची दिशाभूल करते. 'ला फीने' म्हणजे शेवट, 'इल फीने' म्हणजे हेतू. 'ला कापिताले' म्हणजे राजधानी, 'इल कापिताले' म्हणजे भांडवल.

स्थळांच्या आणि भाषांच्या नावांत मराठीचा हस्तक्षेप विशेष जाणवतो. शहरांची नावे, शेवटचा स्वर कोणताही असो, सामान्यतः स्त्रीलिंगी मानली जातात : 'मिलानो ए बेल्ला' (मिलान सुंदर आहे), आणि त्याच नियमाने मराठीत नपुंसकलिंगी असलेले पुणेही 'बेल्ला'. याउलट भाषांची नावे पुल्लिंगी आहेत, म्हणून 'इल माराठी'. आपल्याला ते खटकते, पण 'ला माराठी' ही चूकच ठरते.

वचनाच्या चुका

'दुए फ्योरे' ही चूक बेफिकिरीची नाही. मराठीत एक हात, दोन हात. एक लाडू, दोन लाडू. एक भाषा, दोन भाषा असे असंख्य शब्द अनेकवचनात बदलत नाहीत, आणि आधी संख्या आली की अनेकत्व कळलेच आहे असे मन समजते. इटालियनमध्ये वर सांगितलेले अविकारी गट सोडले, तर संख्येनंतर नामाने बदललेच पाहिजे : 'दुए फ्योरी', 'दुए मानी', 'दुए लिंग्वे'. लिहून झाल्यावर प्रत्येक संख्यावाचक शब्दाखाली रेघ ओढून पुढचे नाम तपासले, तर ही चूक काही आठवड्यांत आटोक्यात येते.

दुसरे कारण आदरार्थी अनेकवचनाचे आहे. 'सर आले', 'आजोबा म्हणाले' असे बोलणारा माणूस नकळत 'इल प्रोफेस्सोरे सोनो आर्रिवाती' लिहितो, आणि आदर मनापासून असल्यामुळे हे वाक्य त्याला चुकीचे वाटतही नाही. इटालियनमध्ये एका व्यक्तीसाठी एकवचनच येते : 'इल प्रोफेस्सोरे ए आर्रिवातो'. आदर दाखवायचा तो समोरच्याशी बोलताना 'लेई' हे सर्वनाम वापरून, आणि तेही एकवचनीच आहे.

काही वस्तू दोन भाषांत वेगवेगळ्या मोजल्या जातात. आपला चष्मा एकवचनी, पण 'ल्यी ओक्क्याली' अनेकवचनी. कात्री एकवचनी, पण 'ले फोर्बिची' अनेकवचनी. आपण द्राक्षे खातो, इटालियन माणूस 'ल'ऊवा' एकवचनात खातो. सर्वांत जास्त चुकणारा शब्द 'जेन्ते' आहे. त्याचा अर्थ लोक, परंतु तो स्त्रीलिंगी एकवचनी आहे, म्हणून 'लोक म्हणतात' याचे 'ला जेन्ते दीचे' असे होते, क्रियापद एकवचनात. पैसे आणि केस मात्र दोन्हीकडे अनेकवचनी आहेत ('ई सोल्दी', 'ई कापेल्ली'), तेथे मराठीवर निर्धास्तपणे विसंबावे.

'को-का' आणि 'गो-गा'ने संपणाऱ्या नामांत अनेकवचनाचा उच्चारच बदलू शकतो. स्त्रीलिंगी नामांत 'क' आणि 'ग' नेहमी टिकतात : 'ला बांका, ले बांके', 'ल'आमीका, ले आमीके'. पुल्लिंगी नामांत आघात पाहावा. शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात असेल तर सहसा 'क' आणि 'ग' टिकतात ('क्वोको – क्वोकी', 'आल्बेर्गो – आल्बेर्गी'), तिसऱ्यावर असेल तर बहुधा मृदू होतात ('मेदिको – मेदिची'). 'आमीको'चे 'आमीची' होणे हा या नियमाचा सर्वांत परिचित अपवाद आहे. 'लोगो'ने संपणाऱ्या नामांत तज्ज्ञ व्यक्ती असेल तर 'जी' ('प्सिकोलोजी'), वस्तू असेल तर 'गी' ('कातालोगी') असे साधारणपणे होते.

विशेषण आणि क्रियापदापर्यंत पोहोचलेली चूक

'ला माक्किना रोस्सो' लिहिणाऱ्याला 'माक्किना' स्त्रीलिंगी आहे हे बहुतेक वेळा माहीत असते. 'लाल गाडी, लाल शर्ट, लाल फुले' या प्रयोगांत 'लाल' बदलत नाही, म्हणून 'रोस्सो'ही बदलत नाही. 'मोठा' किंवा 'नवा' या विकारी विशेषणांच्या इटालियन प्रतिशब्दांत अशी चूक कमी आढळते, ती आढळते 'लाल', 'सुंदर', 'कठीण' अशांत. म्हणून मराठीत अविकारी पण इटालियनमध्ये विकारी असलेल्या विशेषणांची स्वतंत्र यादी ठेवावी. ओकारान्त विशेषणाला चार रूपे असतात, एकारान्ताला दोनच ('ग्रान्दे – ग्रान्दी'), आणि 'ब्लू', 'रोझा' (गुलाबी) यांसारखी मोजकी विशेषणे खरोखर बदलत नाहीत.

'त्याची गाडी' आणि 'तिची गाडी' या दोहोंसाठी इटालियनमध्ये 'ला सूआ माक्किना' हे एकच रूप आहे. मालक पुरुष आहे म्हणून 'सूओ' निवडणे ही इंग्रजीच्या वाटेने आलेली चूक आहे. मराठीतील 'ची' गाडीशी जुळते तसेच 'सूआ'ही गाडीशीच जुळते. भूतकाळातही हेच साम्य उपयोगी पडते : 'ले रागात्से सोनो आन्दाते' म्हणजे 'मुली गेल्या', रूप कर्त्याशी जुळलेले. मात्र सकर्मक क्रियापदात सावध राहावे. 'मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला' या सवयीने विद्यार्थी 'ओ मांजाता ला मेला' लिहितो. आजच्या इटालियनमध्ये कर्म क्रियापदानंतर नामरूपाने आले की कृदन्त बदलत नाही : 'ओ मांजातो ला मेला'. तेच कर्म सर्वनाम होऊन आधी आले की मात्र बदलते : 'ल'ओ मांजाता'.

व्यवसायनामांत भाषा अजून स्थिरावते आहे. 'तुरिस्ता', 'देन्तिस्ता' ही एकवचनात दोन्ही लिंगांना सारखीच असतात आणि अनेकवचनात 'ई' व 'ए'ने वेगळी होतात. 'मिनिस्त्रा' (मंत्री), 'सिन्दाका' (महापौर) अशी स्त्रीलिंगी रूपे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि फ्लॉरेन्सच्या आकादेमिया देल्ला क्रुस्का या भाषासंस्थेनेही त्यांना पाठिंबा दिला आहे. तरी 2022 मध्ये पंतप्रधान झालेल्या जॉर्जा मेलोनी यांनी स्वतःच्या पदासाठी 'इल' हे पुल्लिंगी उपपद पसंत केले. विद्यार्थ्याने स्त्रीलिंगी रूप वापरावे, आणि एखादी व्यक्ती स्वतःसाठी वेगळे रूप वापरत असेल तर त्याचा आदर करावा.

नपुंसकलिंगाचे अवशेष

शेवटी उरतात एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी होणारी नामे. 'ल'उओवो फ्रेस्को' म्हणजे ताजे अंडे, पण अनेकवचन 'ले उओवा फ्रेस्के'. 'इल दीतो – ले दीता' (बोट), 'इल लेन्त्सुओलो – ले लेन्त्सुओला' (चादर) हीही त्यातलीच. लॅटिनमध्ये नपुंसकलिंगाचे अनेकवचन 'आ'ने होत असे. लिंग गेले, पण ते रूप या शब्दांत टिकून राहिले. संस्कृतापासून हिंदीपर्यंत नपुंसकलिंग लोपले, मराठीने मात्र तिन्ही लिंगे राखली, त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका वाटू नये. यांतील काहींना दोन अनेकवचने असून अर्थही निरनिराळे आहेत : शरीराचे बाहू 'ले ब्राच्चा', यंत्राचे किंवा नदीचे फाटे 'ई ब्राच्ची', घराच्या भिंती 'ई मूरी', पण शहराचा तट 'ले मूरा', जसा लुक्का शहराभोवती आजही उभा आहे. हा गट लहान आहे आणि त्यातील शरीरावयव व स्वयंपाकघरातले शब्द रोजच्या बोलण्यात येतात, म्हणून नियम न शोधता एकवचन, अनेकवचन आणि विशेषण एकाच ओळीत लिहून ते पाठ करावेत. दुहेरी अनेकवचने मात्र वाचनात भेटतील तेव्हा एकेक करून वहीत उतरवावीत.